नव्वद हजारांचे यकृत

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी शासनाकडे एक दरपत्रक धाडले. किडनी ७५ हजार, यकृत ९० हजार, डोळे २५ हजार. पीक बुडाले, कर्ज फिटेना. तेव्हा शासनानेच हे अवयव विकत घ्यावेत, अशी ती मागणी होती. तिच्यातून एक प्रश्न उरतो. विकायला काढल्यावर ज्या यकृताला भाव सांगावा लागतो, ते धडधाकट असताना जपण्यासाठी समाज काय करतो?

प्रश्न काल्पनिक नाही. क्षय हा मुख्यतः गरिबांचा रोग. त्यावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे काही रुग्णांच्या यकृतास इजा करतात. भारतात औषधजन्य यकृतविकाराचे सर्वांत मोठे कारण क्षयाचीच औषधे आहेत. म्हणून ती टाळावीत, असा अर्थ कोणी काढू नये. औषधावाचून क्षय माणूस मारतो. इजा वेळीच कळली, तर वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या थांबवून पुढे एकेक करून पुन्हा सुरू करता येतात. डोळे पिवळे होईतो वाट पाहिली, गळ्यात काविळीची माळ आणि पोटात त्याच गोळ्या असे चालू राहिले, तर जिवावर बेतते.

इजेची खूण रक्तात आधीच उमटते. यकृताच्या पेशी दुखावल्या की एसजीपीटी हे विकर रक्तात वाढते. लक्षणे असताना ते कमाल मर्यादेच्या तिपटीवर, लक्षणे नसतानाही पाचपटीवर गेले, की ही औषधे थांबवावीत, असा संकेत आहे. मात्र एसजीपीटी स्नायूंतूनही येते. ऊसतोडीसारखे अंगमेहनतीचे काम करणाऱ्याचा आकडा यकृत निरोगी असूनही चढू शकतो. जीएलडीएच आणि मायक्रोआरएनए-१२२ ही नवी रक्तचिन्हे हा घोटाळा बऱ्याच अंशी टाळतात. पण ती अद्याप मुख्यत्वे संशोधनात आणि नव्या औषधांच्या चाचण्यांत वापरली जातात. ज्याच्या श्रमामुळे जुनी चाचणी फसते, त्याच्यापर्यंत नवी चाचणी सर्वांत शेवटी पोहोचावी, ही विज्ञानाची नव्हे, व्यवस्थेची मर्यादा आहे.

नव्या चाचणीची वाट पाहत जुनी सोडण्याचेही कारण नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी निःशुल्क आहे. पण फी माफ झाली तरी रोज बुडतोच: रक्त देण्यास एक दिवस, अहवाल आणण्यास दुसरा. म्हणून मागणी नेमकी हवी. क्षयाचे उपचार सुरू होताना आणि पहिल्या दोन महिन्यांत ठरावीक मुदतीने यकृताची तपासणी व्हावी. रक्त गावातच घेतले जावे. अहवाल रुग्णाच्या हाती पडावा. बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी. नव्या चाचण्यांचे संच सार्वजनिक संस्थांत तयार व्हावेत.

कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांत आणावी. कष्टकऱ्याचे यकृत दरपत्रकात चढण्याआधी तपासणीच्या नोंदवहीत चढले पाहिजे.