नकाशा कागदावर उतरण्यापूर्वी

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठी बोरी अरब हे गाव आहे. तेथील एखाद्या जुन्या शेतकऱ्याला गावाची हद्द विचारली, तर तो सर्व्हे नंबर सांगत बसणार नाही. इथवर पांढरी आणि इथून पुढे काळी, एवढेच तो हाताने दाखवील. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे पिकाची. महसूल खात्याने गावठाणाच्या सीमा नकाशावर आखल्या त्याच्या कितीतरी आधी मराठी मुलखाने ही वाटणी केलेली होती आणि ती केवळ मातीच्या रंगावरून केलेली नव्हती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर निष्काळजीपणे उभारलेली भिंत काही पावसाळ्यांतच तडकते. कपाशीला जी माती मानवते, ती घराच्या पायाला मानवत नाही. म्हणून जुनी गावे शक्यतो उंचवट्यावर, घट्ट जमिनीवर, नदीजवळ पण पुराबाहेर वसली. हे ज्ञान कोणा अभियंत्याने अहवालात लिहून दिलेले नव्हते. पडझड सोसून, पिढ्या खर्ची घालून ते मिळालेले होते.

आज विदर्भातील कोणत्याही रहदारीच्या रस्त्यावर नवी वस्ती उभी राहते ती पांढरीवर नव्हे. ती काळीवर उभी राहते आणि 'ले-आऊट' या नावाने उभी राहते. कर्जाने टेकीला आलेला किंवा मुलीच्या लग्नासाठी पैशाची निकड असलेला शेतकरी रस्त्याकडेचे दोन-तीन एकर विकतो. घेणारा बहुधा गावचा नसतो. अकृषिक परवानगी होते, रेखांकन मंजूर होते, चुन्याच्या रेघा पडतात, फलक लागतो. गावाला ही वार्ता फलकावरून कळते. पुढे भूखंड विकले जातात, विकणारा निघून जातो आणि नळ, नाली, दिवाबत्ती व कचरा यांचा भार ग्रामपंचायतीच्या अंगावर येतो. ज्या गावाला विचारले नाही, त्याच गावाने आता सारे पुरवायचे!

यात फसवणूक केवळ जुन्या गावाचीच होत नाही. निवृत्तीचा पैसा घालून तेथे घर बांधणारा शिक्षक, तालुक्याच्या गावी नोकरी करणारा लिपिक, मुलांच्या शाळेसाठी आडगावातून रस्त्यावर आलेले कुटुंब, हे सारे सज्जन, काटकसरी लोक असतात. आपण घेतलेल्या भूखंडातून पूर्वी नाला वाहत होता, हे त्यांना पहिल्या मोठ्या पावसात समजते. गावातल्या गुराख्यालाही ते ठाऊक होते. परंतु गुराख्याला विचारण्याची तरतूद कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात नसते. २२ जुलै २०२३ रोजी याच यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर माणसे पुराने वेढली गेली आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथके पाठवावी लागली. पाटबंधारे खात्याच्या परिभाषेत पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. प्रत्येक लहान नदी-नाल्यासाठी अशा रेषा आखलेल्या असतातच असे नाही. जेथे त्या नाहीत, तेथे गावाची स्मृती हीच एक रेषा उरते.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे काय? तसे म्हणता येणार नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभेचे स्वतंत्र कलम आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी, अशीही तरतूद त्यात २००३ साली आली. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा तर सामाजिक परिणामांचा अभ्यास करताना स्थानिक पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक करतो. परंतु हे सारे शासन जमीन घेते तेव्हाचे. खाजगी माणसाने खाजगी माणसाकडून शेत घेऊन त्याचे पाचशे घरांचे नगर केले, तर गावाचे मत विचारण्याची वेळ क्वचितच येते. उलट २०१७ च्या दुरुस्तीने महसूल संहितेत गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीच्या निवासी वापराची वाट अधिक सुलभ केली. तो निर्णय हेतूने चुकीचा नव्हता. सामान्य माणसाचे तहसील कार्यालयातील हेलपाटे त्यामुळे वाचतात. पण वाट सुलभ करताना त्या वाटेवर गावाचा पार कोठे लागतो, याचा विचार राहून गेला.

मोठ्या शहरांची गोष्टही फार वेगळी नाही. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणीय मंजुरी आवश्यक केली आणि त्याच अधिसूचनेने बांधकाम व नगरवसाहतींचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळले. खाण असेल तर लोकांना विचारावे, हजारो बिऱ्हाडांची वसाहत असेल तर विचारण्याचे कारण नाही, असा त्याचा सरळ अर्थ. विकास आराखड्यासाठी मात्र १९६६ च्या नगररचना अधिनियमात हरकती व सूचनांची सोय आहे. तिचे काय होते, हे मुंबईने २०१५ साली पाहिले. महापालिकेने फेब्रुवारीत प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला आणि साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. त्यातील चुकांवर इतके काहूर उठले की, एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ साल उजाडले. आधी नकाशा, मग लोक, या क्रमाची ही किंमत. मुंबईत निदान वृत्तपत्रे होती, नागरी संघटना होत्या, वास्तुविशारद होते. बोरी अरबसारख्या गावात हरकतीची सूचना ज्या वृत्तपत्राच्या कोपऱ्यात मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत छापली जाते, ते वृत्तपत्र गावात येते की नाही, हेही कोणी पाहत नाही.

विचारले तर काय होते आणि न विचारले तर काय होते, हे दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रदेशात पाहण्याची दुर्दैवी संधी महाराष्ट्राला एकदा मिळाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळले. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम शासनाने हाती घेतला. बावन्न गावे मूळ जागेवरून उचलून नव्या ठिकाणी वसवायची आणि त्याखेरीज शेकडो गावांतील घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करायची, असे त्याचे स्वरूप होते.

नव्या ठिकाणच्या गावांत घरे किती मोठी द्यायची, याचे सूत्र शासनाने ठरविले: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. कागदावर सूत्र स्वच्छ होते. पण जमिनीच्या उताऱ्यावरून घर मिळू लागले, तेव्हा जुन्या गल्लीतला शेजार अनेक ठिकाणी विस्कटला. रस्ते शहरासारखे काटकोनात आणि रुंद आखले गेले. ज्या बोळांत सावली होती, ज्या ओट्यावर सासुरवाशिणी निवांत बोलत, ते बोळ आणि ते ओटे या रचनेत बसले नाहीत. गुरे कोठे बांधायची, कडबा कोठे रचायचा, शेतीची अवजारे कोठे ठेवायची, याची उत्तरे लोकांनी पुढे आपल्या हातांनी पत्रे आणि भिंती घालून शोधली. शेत दूर गेले. ग्रामसभा झाल्या नव्हत्या असे नाही. जागा दाखवल्या होत्या, घराचे नमुनेही दाखवले होते. परंतु कोणता नमुना हवा असे विचारणे वेगळे आणि कसे राहता असे विचारणे वेगळे. पहिल्या प्रश्नाला बोट दाखवून उत्तर देता येते. दुसऱ्यासाठी विचारणाऱ्याला ओट्यावर बसावे लागते. अर्थात भीतीने गोठलेल्या, दगडाकडे पाहिले तरी थरकापणाऱ्या माणसांना तेव्हा लवकरात लवकर छप्पर हवे होते, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे.

याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या अंगात मात्र वेगळे घडले. दीड लाखांहून अधिक घरांच्या दुरुस्तीचे काम ठेकेदारांकडे न देता घरमालकांकडे सोपविण्यात आले. पैसा हप्त्याहप्त्याने, काम पाहून मिळे. एक हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. अर्ज कसा करायचा, भिंतीत आडवा दगड कोठे घालायचा, सिमेंट खरे की भेसळीचे, हे त्या घरोघर जाऊन सांगत आणि लोकांचे गाऱ्हाणे वर पोहोचवीत. उंबऱ्याबाहेर बोलण्याची सवय नसलेल्या बायका अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. या घरांना नगररचनेचे सौंदर्य नसेल, पण ती ज्यांची होती त्यांचीच राहिली.

याचा अर्थ गाव म्हणेल ते सारे बिनचूक, असाही नव्हे. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडली गेली, १५१ जीव गेले. जवळच आमडे येथे नवे माळीण उभे राहिले, एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात भराव व रस्ते खचले. उतारावरील भरावाला स्थिर व्हायला किती पावसाळे लागतात, हा ग्रामसभेने हात वर करून ठरविण्याचा विषय नाही. तेथे भूगर्भशास्त्रज्ञाचेच चालले पाहिजे, आणि ते त्याने गावासमोर उभे राहून, गावाला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे.

आणखी एक अवघड गोष्ट आहे. तिची चर्चा सहसा टाळली जाते. गावाला विचारा म्हटले की, 'गाव' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न येतोच. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल ती पुरते. तहकूब सभेला तीही लागत नाही. मग चार खुर्च्या आणि एक ठराव एवढ्यात गावाचा कौल तयार होतो. त्या खुर्च्यांत भूमिहीन मजूर बसलेला नसतो. पारधी बेड्यावरच्या कुटुंबांना घरकुलासाठी जागा द्यायची म्हटली की, 'आमच्या वस्तीशेजारी नको' हा सूर अनेक ठिकाणी उमटतो आणि लोकमत म्हणून तोच पुढे धाडला जातो. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने राज्यात घरकुलाची जागा विकत घेण्यासाठी साहाय्य देणारी योजना २०१५ पासून आहे. पण विकत द्यायलाच कोणी तयार नसेल तर अनुदान काय करील? जुन्या मराठी कागदपत्रांत 'समस्त पांढरी' म्हणजे केवळ जमीन नव्हे, तर निवाड्याला बसलेले सारे गाव. त्या महजरांवर पाटलाच्या नांगराबरोबर न्हाव्याच्या आरशाचीही निशाणी असे. ती व्यवस्था समतेची नव्हती, स्त्रियांना तर तेथे जागाच नव्हती. तरीही बलुतेदाराच्या साक्षीवाचून गावाचा कागद पुरा होत नसे, एवढे तरी त्या काळाने पाळले. आजच्या ठरावावर शेवटच्या घराची निशाणी कोठे आहे?

म्हणून बोरी अरबसारख्या गावाच्या रस्त्याकडेला उद्या पन्नास-शंभर घरांची नवी वसाहत येऊ घातली, तर आजच्या कायद्यातही पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे. जलयुक्त शिवार अभियानाने २०१४ नंतर गावोगाव शिवारफेरीची पद्धत घालून दिली. नाला कोठून येतो, बांध कोठे हवा, हे अधिकारी व गावकरी एकत्र चालत पाहू लागले. पाण्यासाठी जे केले ते घरांसाठी का करू नये? रेखांकन मंजुरीला जाण्यापूर्वी जमीन घेणारा, तलाठी, ग्रामसेवक आणि गावातली चार जुनी माणसे यांनी त्या शेतातून एकदा चालावे, आणि तेही पावसाळ्यात. नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर महिनाभर मोठ्या आकारात लागावा, दवंडी पिटावी. महिलांच्या सभेत तो आधी उलगडावा, कारण पाणी किती दुरून आणावे लागेल याचा हिशेब तिथे अधिक चोख होतो. विहिरीचे पाणी किती कुटुंबांना पुरते, सांडपाणी कोणाच्या शेतात उतरेल, शाळेची खोली वाढणार की नाही, या प्रश्नांची उत्तरे विकासकाने लेखी द्यावीत आणि ती ठरावाला जोडावीत. मोकळी सोडायची जागा कोपऱ्यातल्या निरुपयोगी खड्ड्यात दाखवलेली नाही ना, हे गावातल्या मुलांना विचारावे. खेळायला कोठे जागा आहे, ते त्यांना पक्के माहीत असते.

ज्या सभेत हे होईल, तिची वेळ सोयाबीनच्या सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराची ठेवू नये. मजुरी बुडवून मत द्यायला कोणी येत नाही. दिवस मावळल्यावर, दिवाबत्तीनंतर सभा बोलवावी.