पाटी नवी नको, काम पुढे न्या

दहा कार्यकर्ते जमले की अकरावी संघटना निघते, हा चळवळीचा जुना रोग. तो आता संगणकातही शिरला आहे. जो उठतो तो पहिल्या ओळीपासून नवे सॉफ्टवेअर लिहायला बसतो. आम्हीही बसलो होतो. ॲट्रॉसिटी खटल्यांच्या तारखा फिर्यादींना कळाव्यात म्हणून आम्ही वकील मित्रांनी वर्गणी काढली. वर्गणी संपली, सॉफ्टवेअर अर्धेच राहिले. आणि इकडे ई-कोर्टच्या संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तीच तारीख फुकट दिसत होती! खरी गरज होती ती सेलू-पाथरीच्या खेड्यातील फिर्यादीला तो क्रमांक काढून देण्याची. नेमके तेच काम राहून गेले.

ई-कोर्टची रचना पाहा. २००७ मध्ये प्रकल्प सुरू झाला. न्यायालयांचे सीआयएस हे सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीने मुक्त स्रोत साधनांवर उभे केले. देशासाठी गाभा एकच. उच्च न्यायालयांनी आपापल्या नियमांपुरता भाग त्याला जोडायचा. गाभा एक, म्हणूनच देशभरचे खटले एका जागी मोजता येतात.

ही रीत आपल्याला नवी नाही. घटनेचा मसुदा १९३५ च्या कायद्यावरून उचलला, अशी टीका झाली. तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत ठणकावून सांगितले, की उसने घेण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मक्तेदारी नसते. पण त्यांनी डोळे मिटून काही घेतले नाही. प्रशासनाचा तपशील जुन्या कायद्यातून घेतला. मालमत्ता आणि शिक्षण पाहून दिला जाणारा मताधिकार मात्र टाकून दिला. प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ आला. ज्या घटनेच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत विटंबना झाली आणि जिच्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, ती घटना अशी घडली आहे.

म्हणून चालते ते घ्या, अन्याय करते ते बदला, उणे असेल तेवढे जोडा. युनिकोडमध्ये मराठीचा ‘ॲ’ नव्हता. तो २००८ मध्ये जोडला गेला. एका अक्षरासाठी कोणी नवी व्यवस्था मांडली नाही. बाबासाहेबांचे शासनाने १९७९ पासून छापलेले, वसंत मून यांच्या संपादनाखाली सुरू झालेले खंड आज संगणकावर उपलब्ध आहेत. तेच पुन्हा स्कॅन करण्यापेक्षा त्यांची मराठी विषयसूची करा. जुन्या फॉन्टात अडकलेली चळवळीची पत्रके युनिकोडमध्ये आणा. दुसऱ्याचे मुक्त सॉफ्टवेअर वापरले, तर केलेली सुधारणा सर्वांना परत द्या.

आम्ही आमचे अर्धवट सॉफ्टवेअर बंद केले आहे. आता सीएनआर क्रमांकांची वही घेऊन गावोगाव जायचे आहे. त्या फिर्यादीला आमची पाटी नको, तारीख हवी आहे.