ड्यूड म्हणजे कोण रे भाऊ?

परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "ए ड्यूड, डबा आण ना!" मला हसूच आलं. कारण हा शब्द मुळात टोमणा होता.

१८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून तो एकदम गाजला. घट्ट पँट, ताठ उंच कॉलर, हातात छडी आणि बोलण्याचालण्यात इंग्रज साहेबाची नक्कल, अशा श्रीमंत घरच्या छानछोकी पोरांना लोक ड्यूड म्हणायचे. 'यांकी डूडल' या गाण्यातल्या 'डूडल'वरून तो आला असावा, असं अभ्यासक मानतात. (त्या गाण्यातली मॅकरोनीही खायची नव्हे बरं का! लंडनमधल्या अति नटव्या तरुणांना तेव्हा मॅकरोनी म्हणत.) इव्हँडर बेरी वॉल या गृहस्थांना तर 'ड्यूडांचा राजा' अशी पदवीच मिळाली. पुढे १९२१ मध्ये 'द शेख' सिनेमा आला, नि केस चोपडून फिरणारी पोरं 'शेख' झाली.

श्रीमंतांची टिंगल झाली, त्यांचं काही बिघडलं नाही. गरिबाच्या पोराचं तसं नसतं. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वंशाची मुलं लांब कोट, ढगळ पँट असा 'झूट सूट' घालत. युद्धामुळे कापडावर बंधनं होती, म्हणून ती देशाची वैरी ठरली. वर्तमानपत्रांनी त्यांना सरसकट गुंड ठरवलं. जून १९४३ मध्ये नौसैनिकांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं, अंगावरचे कपडे उतरवले. पोलिसांनी पकडलं ते बहुतेक मार खाणाऱ्यांनाच! अशाच झूट सूटवाल्या मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय पोरांनी 'ड्यूड' हा शब्द आपसात 'गड्या' म्हणून वापरायला घेतला. तोच आता आमच्या चौथीत पोचलाय.

हे आठवायचं कारण वेगळं आहे. केसांचा कोंबडा काढून आलेल्या मुलाला "आले बघा हिरो" असं मीसुद्धा म्हटलंय. वर्ग हसतो, आपल्यालाही बरं वाटतं. मोठी मुलं 'छपरी' म्हणतात, आणि तो शब्द कुठल्या घरातल्या पोराला चिकटतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. गणवेशाचा नियम जरूर सांगा, केस कापून ये म्हणा. पण वर्गासमोर नाव ठेवणं बंद करूया, असं मला मनापासून वाटतं. माझा तो 'हिरो' नंतर आठवडाभर फळ्यापाशी आला नाही.