पऱ्हाटी, हायड्रोजन आणि उत्प्रेरक

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. अभियानाचा मुख्य भर पाण्याच्या विद्युतविघटनावर आहे. तथापि, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठरलेल्या निकषांनुसार, उत्सर्जनाची मर्यादा पाळल्यास जैवपदार्थांपासून मिळणारा हायड्रोजनही हरित मानला जातो. पऱ्हाटी, तुराट्या आणि वसमत भागातील उसाचे पाचट हाती असलेल्या हिंगोली जिल्ह्याला या अभियानात वाटा मिळण्याची शक्यता आहे ती येथेच.

परंतु या मार्गात एक अडसर आहे. पऱ्हाटीपासून वायू तयार केला म्हणजे हायड्रोजनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही निघतो. बंद खोलीतील शेगडी माणसाचा जीव घेते ती याच वायूमुळे. हायड्रोजनपासून वीज निर्माण करणाऱ्या इंधनघटातही तो प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो व घट निकामी होऊ लागतो. दहा लाखांत दहा भाग एवढे प्रमाणही घातक ठरते. वाहनांच्या हायड्रोजनसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा तर अवघी ०.२ भाग आहे.

हा वायू दूर करण्यासाठी उत्प्रेरक लागतात. प्रथम लोह-क्रोमियमच्या व नंतर तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावर वाफेशी त्याची क्रिया घडविली की, त्यातून कार्बन डायऑक्साइड व अधिक हायड्रोजन मिळतो. तरीही शेकडा एकाच्या आसपास उरणारा अंश मोजक्या ऑक्सिजनने जाळावा लागतो. खरी कसोटी येथे लागते, कारण त्याबरोबर हायड्रोजन जळता कामा नये. प्लॅटिनम हे काम करते, पण ते महाग आहे. तांबे आणि सीरियम ऑक्साइड यांचा उत्प्रेरक स्वस्त आहे; मात्र ओलावा व कार्बन डायऑक्साइड यांच्या सान्निध्यात त्याची क्रियाशीलता मंदावते. मोठे कारखाने दाबाखाली शोषकांच्या साहाय्याने वायू शुद्ध करतात. तालुक्यातील लहान संयंत्राला तो खर्च पेलणे कठीण आहे.

उत्प्रेरकांच्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने नाव मिळविले आहे. म्हणजे उणीव ज्ञानाची नसून प्राधान्याची आहे. अभियानाच्या एकूण रकमेपैकी संशोधनाच्या वाट्याला आले ते केवळ ४०० कोटी.

शेतातील अवशेष फुकटचे नाहीत. पऱ्हाटी चुलीला लागते, पाचट जमिनीचा कस राखते. शेतकऱ्याने ते द्यावेत, असे वाटत असेल तर त्यांना रास्त दाम मिळाला पाहिजे. वायू शुद्ध करण्यातच पैसा खर्च झाला, तर तो दाम देणार कोण? म्हणून स्वस्त व टिकाऊ उत्प्रेरकाच्या संशोधनावर अधिक निधी खर्च होणे अगत्याचे आहे. अन्यथा हिंगोलीच्या वाट्याला केवळ कच्चा माल पुरविण्याचेच काम येईल.