स्थानकाशेजारची जमीन कोणाची?

मुंबईच्या गिरणगावाखालून धावणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्णपणे सुरू झाली. वरळी, महालक्ष्मी, आचार्य अत्रे चौक ही नावे आता मेट्रो स्थानकांची झाली आहेत. त्याबरोबरच चाळीचाळींतून एक जुना वाद नव्याने ऐकू येऊ लागला आहे. स्थानकांच्या आसपास उंच इमारती उभ्या राहाव्यात की नाहीत? एका पक्षाला पाणी, मलनिःसारण आणि अरुंद रस्ते यांची धास्ती आहे. दुसऱ्या पक्षाला वाटते की १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांना इमारत उंच झाल्याखेरीज मोठे घर मिळणार नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण वाद केवळ मजल्यांच्या संख्येवर चालत राहिला, तर मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि त्याचा लाभ बिल्डर उठवतात.

लोहमार्ग आणि मेट्रो सार्वजनिक पैशातून उभारल्या जातात. स्थानक आले की भोवतालच्या जमिनीचे मोल वाढते. ही वाढ जमीनमालकाच्या श्रमातून आलेली नसते. ती समाजाने निर्माण केलेली असते. तेव्हा तिचा विनियोग कोणासाठी व्हावा, हा खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरांच्या टापूत दाट वस्तीचा पुरस्कार केला आहे, आणि त्याच टापूतील बांधकामांत किमान ३० टक्के चटईक्षेत्र परवडणाऱ्या घरांसाठी ठेवावे असेही म्हटले आहे. वाढीव चटईक्षेत्राचा भाग राज्यकर्ते उत्साहाने उचलतात. परवडणाऱ्या घरांचा भाग कागदावरच राहू देतात.

याचा परिणाम काय होतो, हे परळने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि कापडापेक्षा जमीन अधिक नफा देऊ लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरवली होती. सर्व गिरण्यांच्या जमिनींचे एकत्रित नियोजन करावे, अशी शिफारस चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने १९९६ मध्ये केली. ती बासनात गुंडाळली गेली. पुढे २००१ मध्ये नियमात दुरुस्ती करून वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित करण्यात आली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन तीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले.

गिरण्यांच्या जागी मनोरे, कचेऱ्या आणि बाजारपेठा आल्या. तेथे कामाला येणाऱ्या हजारो लोकांसाठी परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणारा पूल मात्र तोच अरुंद जुना राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. पाऊस, अफवा, गर्दीची बेशिस्त अशी कारणे त्या वेळी सांगितली गेली. पण जमिनीतून शेकडो कोटी कमावू देणाऱ्या आणि पूल रुंद करण्यासाठी वर्षानुवर्षे चालढकल करणाऱ्या व्यवस्थेची जबाबदारी त्या कारणांनी झाकली जात नाही.

ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांची गत काय झाली? घरांसाठी दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज केले. प्रत्यक्ष घर मिळालेल्यांचा आकडा त्यापुढे क्षुल्लक आहे. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी येथे, मुंबईपासून ७० किलोमीटरांहून अधिक दूर, घरे देण्याची योजना पुढे आली. तिच्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानावर जमले. एके काळी भोंगा ऐकून पायी कामावर जाणाऱ्याच्या नातवाने आता पहाटेची गाडी पकडून, लोंबकळत, आजोबांच्याच परळमध्ये नोकरीला यावे, असा या योजनेचा अर्थ आहे.

राहत्या जागेवरील हक्क हा केवळ शहराचा प्रश्न नव्हे. तंजावर ते कुंभकोणम या लोहमार्गावरील पापनाशमच्या परिसरात मनोरे नाहीत, भातशेती आहे. पण त्या कावेरीकाठी शेतमजुराची झोपडी जमीनदाराच्या जागेवर असे आणि मजुरीसाठी तोंड उघडले की ती हिसकावून घेण्याची धमकी मिळे. याच तंजावर जिल्ह्यात तेव्हा असलेल्या कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ जणांना जिवंत जाळण्यात आले. तरीही लाल बावटा खाली आला नाही. १९७१ मध्ये तामिळनाडूत कायदा झाला आणि शेतमजुराला त्याच्या झोपडीखालच्या जागेची मालकी मिळाली. त्याला दूरचा एखादा भूखंड दाखवून वाटेला लावले गेले नाही. जेथे तो राहत होता तीच जागा त्याची झाली. परळच्या कामगाराची मागणी याहून वेगळी नाही.

ही मागणी अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी वरळीकडे पाहावे. बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये म्हाडाने त्याच आवारातील उंच इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे दिली. या योजनेतही जमिनीचा मोठा भाग खुल्या विक्रीसाठी जाणार आहे आणि उद्वाहने व पाणीपंप यांचा खर्च पुढे कोणी सोसायचा ही रहिवाशांची शंका रास्त आहे. पण जमीन सार्वजनिक असली आणि रहिवासी संघटित असले, तर उंच इमारतीतही कष्टकऱ्याला आपल्या जागी राहता येते, एवढे तिने निश्चित दाखवून दिले.

म्हणून पक्षाच्या शाखांनी वस्तीवस्तीतील या वादात केवळ विरोधाची किंवा केवळ संमतीची भूमिका घेऊन चालणार नाही. स्थानकालगतच्या सार्वजनिक जमिनी विकू नयेत. वाढीव चटईक्षेत्रातील परवडणाऱ्या घरांचा वाटा कायद्याने बंधनकारक करावा. मूळ रहिवाशांचे पुनर्वसन त्याच ठिकाणी, लेखी कराराने व्हावे. पूल, पाणी आणि मलनिःसारण यांची कामे मनोऱ्यांच्या आधी पुरी व्हावीत. गिरणी कामगारांना मुंबईतच घरे द्यावीत. या मागण्यांवर चाळकरी, झोपडीवासी आणि रोज त्या पुलांवरून जाणारा नोकरदार यांची एकजूट उभी राहू शकते. ती उभारणे हे या घडीचे कार्य आहे.