पंधराव्या दिवशी दार कोण वाजवणार?

भुशीचा तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. ३० जून २०२४, रविवार. धरणाच्या मागच्या डोंगरातला धबधबा, अचानक फुगलेलं पाणी आणि मधल्या खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं एक कुटुंब. मग खडकावर कुणीच नाही. एकाच घरातले पाच जण गेले, एक बाई आणि चार मुलं. ती क्लिप सगळ्यांच्या फोनवर फिरली. खाली ‘एवढी हौस कशाला’पासून ‘प्रशासन झोपलंय’पर्यंत सगळं लिहून झालं आणि दोन दिवसांनी आपण पुढच्या रीलवर गेलो.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची पोरं शोधकामाला उतरली. जिल्हा प्रशासनाने बंदीचे आदेश काढले, फलक लागले, पोलीस बंदोबस्त वाढला, धरणाकडच्या टपऱ्या हटवल्या गेल्या. यातलं बरंचसं गरजेचं होतं, मी त्याच्याशी भांडत नाही. माझं भांडण त्या यादीत जे नव्हतं त्याच्याशी आहे. फलक, दोर, बॅरिकेड, पंचनामा, सानुग्रह अनुदान हे सगळं त्या आठवड्यातल्या बातम्यांत होतं. सोशल वर्कर किंवा समुपदेशक हा शब्द मला कुठे दिसला नाही. काठावर उभं राहून ज्यांनी आपली माणसं जाताना पाहिली त्यांच्या घरी पंधराव्या दिवशी कोण जाणार? पाण्यातून लेकरांचे मृतदेह बाहेर काढणाऱ्या, फुकट काम करणाऱ्या पंचविशीतल्या पोराला रात्री झोप लागते का, हे कोण विचारणार? आणि ज्या घराचा चार महिन्यांचा सीझन मक्याच्या कणसांवर आणि कांदाभजीवर चालतो, ते घर टपरी गेल्यावर कसं चाललंय हे पाहणं कुणाचं काम आहे?

उत्तर सोपं आहे. कुणाचंच नाही. मृतदेह सापडेपर्यंत आपल्या व्यवस्थेला कुटुंब दिसतं, नंतर दिसेनासं होतं.

हे वेगळ्या पद्धतीनेही होऊ शकतं, आणि त्यासाठी स्वीडन-नॉर्वेची उदाहरणं द्यायची गरज नाही. आपल्याच कोकणातल्या, घरात मराठी बोलणाऱ्या एका समाजाकडे पाहिलं तरी पुरे. बेने इस्रायली. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. पुढे ते मुंबई-पुण्यात आले आणि रेल्वे, पोस्ट, लष्कर, दवाखाने अशा नोकऱ्यांत शिरले. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात वीस-पंचवीस हजार ज्यू होते. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. आता देशात साडेचार हजारांच्या आसपास उरलेत, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली.

एवढा छोटा समाज, त्यातही मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसं बरीच. लेक अश्दोदला, आई ठाण्याला. अशा घरांची जबाबदारी घेणारी एक यंत्रणा या समाजाकडे आहे. अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी हे तिचं लांबलचक नाव, सगळे ‘जॉइंट’च म्हणतात. १९१४ साली ऑटोमन साम्राज्यातल्या अमेरिकेच्या राजदूताने, हेन्री मॉर्गेनथाऊने, पॅलेस्टाइनमधल्या उपाशी ज्यूंसाठी पन्नास हजार डॉलर पाठवा अशी तार न्यूयॉर्कला केली. त्यातून ही संस्था उभी राहिली. १९६०च्या दशकापासून ती भारतात काम करते. मुंबईत एव्हलिन पीटर्स ज्यूइश कम्युनिटी सेंटर आहे. गरजू म्हाताऱ्यांना दरमहा मदत, औषधं, घरी जाऊन विचारपूस, तरुणांसाठी कार्यक्रम, असं ते काम चालतं.

त्याच्याही आधीची गोष्ट आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी-ऑस्ट्रियातून पळालेले ज्यू मुंबईला येऊ लागले. १९३४ साली इथे ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ निघाली. नोकरी शोधून देणं, राहायची सोय लावणं, सरकारपुढे त्यांच्या निर्वाहाची हमी घेणं ही कामं तिने केली. १९३९ साली युद्ध पेटलं आणि ब्रिटिशांनी ‘जर्मन’ म्हणून याच लोकांना पकडून अहमदनगरच्या छावणीत टाकलं, काही कुटुंबांना पुरंदरावर ठेवलं. नाझींपासून पळालेल्याला नाझी समजून कोंडणं हा सरकारी विनोद होता. त्यांना सोडवायला असोसिएशनने एकेका माणसाची बाजू मांडली. केस म्हणजे काय, तर हेच. लोंढा म्हणून न बघता एकेक माणूस, त्याचे कागद, त्याची बायको, त्याचं कौशल्य, त्याची भीती.

अशा संस्थेतला चांगला सोशल वर्कर नेमकं काय करतो, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. समजा, ठाण्यात एक आजी एकटी राहते. सोशल वर्कर तिच्या घरी जाते आणि चेक देऊन लगेच निघत नाही. बसते. फ्रिज उघडा आहे की बंद, औषधाची पाकीटं तारखेप्रमाणे फोडलीत की तशीच पडलीत, इस्रायलहून लेकाचा शेवटचा फोन कधी आला, घरमालक काय म्हणतो, शेजारीण चावी ठेवते का, हे बघते. खर्चाचा हिशेब आजीच्याच तोंडून घेते. घरी जाऊन फाइलमध्ये लिहिते. पुढच्या वेळी मागचं सगळं आठवून जाते, कारण ते लिहिलेलं असतं. आजी रडली तर ‘रडू नका’ म्हणत नाही. लेकाशी भांडण असेल तर बाजू घेत नाही, पण फोन जुळवून देते. आणि तिच्यावर एक वरिष्ठ असते, जिच्यासमोर ती स्वतः दर आठवड्याला मोकळी होते. दुसऱ्याचं दुःख रोज उचलणाऱ्या माणसाचीही पाठ दुखते.

यात चमत्कार काही नाही. प्रशिक्षण आहे, वेळ आहे, पगार आहे आणि पंधरा दिवसांनी परत यायची सक्ती आहे. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

आता आपल्याकडे बघा. आपल्याला सोशल वर्कर म्हटलं की पांढरा शर्ट, गॉगल आणि वाढदिवसाचा फ्लेक्स आठवतो. ‘समाजसेवक’ ही आपल्याकडे निवडणुकीच्या आधीची पायरी आहे. वह्यावाटप करायचं, छत्र्यावाटप करायचं, पाच माणसांनी मिळून एक छत्री धरून फोटो काढायचा. ज्यू परंपरेत मदतीला ‘त्झदाका’ म्हणतात, आणि तो शब्द न्याय या अर्थाच्या मुळातून आलाय. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने या मदतीच्या आठ पायऱ्या लावून ठेवल्या. सगळ्यात वरची म्हणजे माणसाला कर्ज, काम किंवा भागीदारी देऊन पुन्हा मागायची वेळच न आणणं. त्याखालची म्हणजे देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. या शिडीवर आपलं छत्रीवाटप कुठे बसतं ते तुम्हीच ठरवा.

आपल्यातला दुसरा गट जास्त सज्जन आहे आणि म्हणून जास्त अडचणीचा. तो म्हणतो, सेवा ही फुकटच करायची असते, पगार घेतला की धंदा झाला. याच समजुतीमुळे एमएसडब्ल्यू झालेली मुलगी शेवटी बँकेत रिकव्हरीचे फोन करते. सर्जनला आपण असं म्हणत नाही. प्लंबरलाही म्हणत नाही. फक्त माणसाच्या मनाला हात घालणाऱ्यानेच उपाशी राहावं, हा कुठला न्याय?

तिसरा आक्षेप मावळात हमखास येतो. आपल्याकडे घर आहे, भावकी आहे, पार आहे, भजनी मंडळ आहे, आपल्याला कशाला हवेत काउन्सेलर? बरं. एक्स्प्रेस-वे आला, बंगले आले, जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला. त्या पैशावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिले तेव्हा भावकी तिथेच होती, दोन्ही बाजूंना. नवरा मारतो हे बाईने पारावर जाऊन सांगायचं का? भावकी लग्नाला लागते, मयताला लागते. पण जे भावकीपासूनच लपवायचं असतं ते सांगायला बाहेरचं, तोंड बंद ठेवणारं माणूस लागतं. ९ ऑगस्ट २०११ला बऊरला पवना पाइपलाइनच्या आंदोलनात गोळीबार झाला, तीन जण गेले. दर ९ ऑगस्टला श्रद्धांजली वाहिली जाते, नेते येतात. पण ३६४ दिवस त्या घरांत काय असतं?

‘त्यांच्याकडे डॉलर येतात हो’ हाही आक्षेप मला माहीत आहे. येतात, खरंय. पण त्या डॉलरमधून त्यांनी काय घेतलं ते बघा. माणसाचा वेळ विकत घेतला. लोणावळ्यात पावसाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी किती पैसा फिरतो ते चिक्कीच्या दुकानापुढची रांग आणि घाटातला ट्रॅफिक सांगतो. पैसा नाही हे कारण भुशीत तरी देऊ नका.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मलाही टोचतो. आपल्याच जातीजमातीपुरती मदत ही शेवटी भिंत आहे. ‘आमच्यातला’ कोण हे आधी ठरवायचं आणि मग भाकरी द्यायची, यात अपमान दडलेला असतो. बेने इस्रायलींइतकं हे कुणाला कळणार? १९६०च्या दशकात इस्रायलमध्ये त्यांच्याच ज्यूपणावर धर्मगुरूंनी शंका घेतली, लग्नं अडली, आणि शुद्ध ज्यू आहोत हे सिद्ध करायला त्यांना रस्त्यावर बसावं लागलं. शिवाय साडेचार हजारांच्या समाजात गुपित राहणं अवघड. कुणाच्या दारात कोण आलं हे सगळ्यांना कळतं. पण याच परंपरेने भिंतीला दारंही पाडलीत. अमेरिकेतल्या शहराशहरांत ज्यूइश फॅमिली सर्व्हिस नावाच्या ज्या संस्था आहेत, त्यांतल्या बहुतेक कुठल्याही धर्माच्या माणसाला घेतात आणि फी उत्पन्नाप्रमाणे लावतात. मुंबईत ‘गेब्रिएल प्रोजेक्ट’ कळव्याच्या वस्तीतल्या मुलांच्या शाळेवर आणि जेवणावर काम करतो, तिथे ज्यू मुलं नाहीतच. पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल होताना तरी कुणी कुणाचा धर्म विचारतं का? डेव्हिड ससूनच्या नावाचं आणखी एक ठिकाण पुण्यात आहे, नवी पेठेतलं ‘निवारा’. जाऊन बघा.

आणि म्हणूनच माझं म्हणणं जमातीपुरतं नाही, सरकारकडेच आहे. कारण सरकारला हे जमतं, एकदा जमलेलं आहे. १९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये, तेव्हाच्या ज्यू वस्तीच्या ऐन मध्यात, क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या हाताखाली देशातलं पहिलं समाजकार्याचं महाविद्यालय सुरू झालं. तेच आजचं टिस. त्याच टिसने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तक्रार घेऊन आलेल्या बाईसमोर वर्दीतला माणूस नाही, प्रशिक्षित सोशल वर्कर बसली. पुढे २००५मध्ये राज्य सरकारने ही कल्पना उचलली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. चांगली गोष्ट. पण तिथे बसणारी माणसं कंत्राटी. एचआयव्ही केंद्रातले समुपदेशक कंत्राटी. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही तो दुसऱ्याच्या घराला कसला आधार देणार? सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक’ नावाचं पद असतं, पण तो खुर्चीत बसतो आणि पेशंट त्याला शोधत येतात. २०२२पासून ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर आहे. जरूर सेव्ह करा. पण नंबर फिरवायला माणूस आधी उठून बसलेला लागतो, आणि फोन काही फ्रिज उघडा आहे की बंद हे बघू शकत नाही.

तेव्हा मागणी नेमकी करतो, म्हणजे टोलवता येणार नाही. मावळ तालुक्यासाठी सुरुवातीला दोन कायम पदं. एक वडगावला, एक लोणावळ्यात. एमएसडब्ल्यू झालेली, नियमित पगाराची, गाडीच्या पेट्रोलचा भत्ता असलेली. कामाची जागा ऑफिस नसून घरं. अपघात, आत्महत्या, बुडून मृत्यू, अतिक्रमण कारवाई, यातलं काहीही झालं की तहसीलदाराच्या आदेशाची एक प्रत पोलिसांकडे जाते तशी एक प्रत तिच्याकडे जावी. तिसऱ्या दिवशी पहिली भेट, पंधराव्या दिवशी दुसरी, आणि सहा महिने फाइल बंद करायची नाही. फाइल गोपनीय, आमदारालाही दाखवायची नाही. बचाव पथकातल्या पोरांसाठी महिन्यातून एक बैठक, चहा तिच्या बजेटमधून.

पुढचा पावसाळा लागायच्या आत ती रुजू होऊ द्या. आणि तिच्या पहिल्या यादीत टपऱ्या गेलेली भुशीतली घरं असू द्या.