बातमीतले ७३ टक्के आणि आपले मूल

पावसाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात तापाच्या रुग्णांची रांग दारापर्यंत जाते. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांचाच संशय आधी येतो. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी काशिमीऱ्याचे एक रिक्षाचालक आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. तीन आठवडे ताप येत-जात होता. प्लेटलेट कमी, म्हणून बाहेर डेंग्यूचे औषधोपचार झाले होते. पण मुलाच्या पायांवर निळसर डाग होते, मानेत गाठी होत्या आणि चेहरा पांढराफटक. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर आमच्या पॅथॉलॉजिस्टने मला बोलावून घेतले. अपरिपक्व पांढऱ्या पेशींनी काच भरली होती. संशय होता अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा, म्हणजे 'एएलएल'चा. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच.

परळला पाठवण्याची चिठ्ठी लिहीत असताना वडिलांनी मोबाइल पुढे केला. त्यावर एक बातमी होती. "मॅडम, ही आपली देशी थेरपी आहे ना? यात ७३ टक्के बरे होतात म्हणे. मग आधी केमो कशाला? घर विकतो, पण हीच देऊ या." शेजारी बसलेल्या आजी मात्र एवढंच म्हणाल्या, "माझ्या नातवावर प्रयोग करू द्यायचा नाही."

एकाच घरातली ही दोन वाक्ये. एकाला चाचणीत चमत्कार दिसत होता, दुसरीला धोका. रक्ताच्या कर्करोगाची नवी बातमी आली की असे प्रश्न आता वरचेवर येतात. म्हणून दोघांनाही दिलेले उत्तर इथे सविस्तर मांडते.

बातमी काय होती?

ही बातमी 'कार-टी' उपचाराची. आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशी असतात. या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून घेतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यामुळे त्या पेशींना कर्करोगाच्या पेशीवरची 'सीडी-१९' ही खूण ओळखता येते. मग त्या पेशींची संख्या वाढवून सलाइनसारख्या त्या रुग्णाला परत देतात.

अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला ऑगस्ट २०१७ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. मुंबईत आयआयटीचे डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियल सेंटरचे डॉक्टर यांनी हेच तंत्र इथे विकसित केले. टाटाच्या खारघर येथील 'अॅक्ट्रेक' केंद्रात ४ जून २०२१ रोजी पहिल्या रुग्णाला ते दिले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी 'नेक्सकार १९' या नावाने त्याला मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. किंमत साधारण ३० ते ४० लाख रुपये सांगितली गेली, म्हणजे परदेशातल्या किमतीच्या अगदी थोड्या भागात. मार्च २०२५ मध्ये या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि ७३ टक्क्यांचा आकडा सगळीकडे पोहोचला.

आपल्या मातीत, आपल्या रुग्णांसाठी हे घडले याचा मला मनापासून अभिमान आहे. पण आकडा घरी नेण्यापूर्वी तो नीट वाचायला हवा.

हे ७३ टक्के कोणाचे?

चाचणीत एकूण ६४ रुग्ण होते. पहिल्या टप्प्यात १४ आणि दुसऱ्या टप्प्यात ५०. यातल्या ५१ जणांमध्ये परिणामाचे मूल्यमापन करता आले आणि त्यांतल्या ३७ जणांचा आजार उपचाराला दाद देऊ लागला. हे ते ७३ टक्के.

आता तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, हे सर्व रुग्ण असे होते की ज्यांचा आजार केमोने हटला नव्हता किंवा हटून पुन्हा उलटला होता. नव्याने निदान झालेला एकही रुग्ण त्यात नव्हता. त्यामुळे 'आधी केमो की आधी कार-टी' या प्रश्नाचे उत्तर ही चाचणी देतच नाही. तो प्रश्न तिने विचारलेलाच नव्हता. दुसरी, वयाची अट. ही मान्यता १५ वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी आहे. माझ्यासमोर बसलेला मुलगा आठ वर्षांचा होता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'दाद देणे' म्हणजे 'बरे होणे' नव्हे. गाठी आकसल्या किंवा मज्जेतल्या कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा झाल्या की डॉक्टर त्याला प्रतिसाद म्हणतात. तो किती काळ टिकतो हे वेगळे मोजावे लागते. या चाचणीतही अनेकांचा आजार काही महिन्यांत परत आला.

उपचाराची किंमत शरीरालाही मोजावी लागते. जवळजवळ सर्व रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्या. दोन मृत्यू उपचाराशी संबंधित मानले गेले. हे लपवलेले नाही, त्याच शोधनिबंधात लिहिलेले आहे. चांगल्या चाचणीची ओळख हीच की तिच्यात अपयशही मोजलेले असते. ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरलेला नाही, त्यांच्यासाठी ही थेरपी मोठा आधार आहे. पण ज्या मुलाचा पहिला, हमखास रस्ता अजून मोकळा आहे, त्याने तो सोडून इकडे वळणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे.

पहिला रस्ताही चाचण्यांतूनच आला

आजींच्या 'प्रयोग नको'चे उत्तर याच पहिल्या रस्त्यात आहे. आज आपण ज्याला साधी केमो म्हणतो, तिची प्रत्येक गोळी आणि प्रत्येक इंजेक्शन कोणत्या तरी मुलाने चाचणीत घेतल्यामुळे आपल्यापर्यंत आले आहे.

१९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या १६ मुलांना अॅमिनोप्टेरिन हे औषध दिले. दहा मुले काही काळ सुधारली. त्यापूर्वी या आजारात काही आठवड्यांत सगळे संपत असे. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिथले संशोधनप्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे एकेक औषध जोडत, मात्रा बदलत, चाचणीमागून चाचणी होत गेली आणि आज श्रीमंत देशांत एएलएल झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

भारतात ही वाट मुंबईनेच पाडली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने 'एमसीपी-८४१' ही उपचारपद्धती सुरू झाली. चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या केंद्रांनीही तीच वापरली. तोवर आपल्याकडे पाचातले जेमतेम एक मूल वाचत असे. या पद्धतीनंतर, केंद्रागणिक फरक होता तरी, पाचातली दोन ते तीन मुले वाचू लागली. त्यासाठी कोणतेही नवे औषध शोधले गेले नाही. होती तीच औषधे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मात्रेत, सगळ्या केंद्रांत सारखी दिली गेली आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवली गेली.

तोच धागा 'आयसायकल-एएलएल-१४' या चाचणीत पुढे आला. मुंबई, कोलकाता, दिल्ली, चंडीगड आणि चेन्नई येथील केंद्रांनी मिळून ती आखली. तिने विचारलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. उपचाराच्या सुरुवातीला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड पाच आठवडे देतात, त्याऐवजी तीन आठवडे दिले तर? श्रीमंत देशांत हा प्रश्न इतका तातडीचा वाटणार नाही. आपल्याकडे तो जीवन-मरणाचा आहे. कारण आपली बरीच मुले ल्युकेमियाने नव्हे, तर उपचारात प्रतिकारशक्ती खाली गेल्यावर होणाऱ्या जंतुसंसर्गाने दगावतात. थोडे कमी औषध देऊन जास्त मुले वाचतील का, हे आपल्याच मुलांमध्ये तपासावे लागते. परदेशी पुस्तकात ते उत्तर मिळत नाही.

आजींची भीती खोटी नाही

असे असले तरी आजींना मी 'तुम्हाला कळत नाही' म्हणाले नाही. आपल्या देशात गरीब रुग्णांना नीट न सांगता औषधांच्या चाचण्या झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. २०१३ मध्ये न्यायालयाने त्यावर कडक आदेश दिले. त्यातूनच पुढे नियम घट्ट होत गेले आणि २०१९ चे नवे औषध व क्लिनिकल ट्रायल नियम आले. त्याआधीच, २००९ पासून, प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदणी सक्तीची झाली होती. ती नोंद 'सीटीआरआय'च्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

म्हणून चाचणीबद्दल कोणी विचारले, तर कुटुंबाने पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.

या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? माझ्या रुग्णाचा आजार कोणत्या अवस्थेत आहे आणि ही चाचणी त्याच अवस्थेसाठी आहे का? चाचणीत भाग घेतला नाही तर कोणता उपचार मिळेल? दोन गटांत वाटणी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे होणार असेल, तर दोन्ही गटांना नेमके काय मिळणार? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? मधेच बाहेर पडलो तर नेहमीचे उपचार सुरू राहतील ना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असायलाच हवे, तो रुग्णाचा हक्क आहे. इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हाही हक्क आहे. संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. सात वर्षांवरील मुलाला त्याला समजेल अशा शब्दांत सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. आणि आजींसाठी एक खुलासा. बरा होऊ शकणारा ल्युकेमिया असताना एखाद्या गटाला उपचाराऐवजी नुसती साखरेची गोळी दिली जात नाही. तिथे तुलना असते ती चालू उपचाराची आणि त्यात केलेल्या बदलाची.

भाईंदर ते परळ

एक गोष्ट मात्र कोणत्याही शोधनिबंधाच्या मथळ्यात येत नाही. एएलएलचा उपचार दोन वर्षांहून अधिक चालतो. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा खर्च बसतो. पण सकाळच्या गर्दीच्या लोकलमधून, संसर्गाच्या भीतीने तोंडाला मास्क बांधलेले मूल कडेवर घेऊन भाईंदरहून परळला जाणे आणि त्या दिवसाची रिक्षाची कमाई बुडणे, याचा खर्च कुठेच बसत नाही. उपचार मधेच सोडणारी कुटुंबे बहुधा याच ओझ्याने थकतात. मीरा-भाईंदर, वसई, पालघरकडच्या मुलांची रक्ततपासणी, रक्त-प्लेटलेट देणे, ताप आल्यावर तासाभरात प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन, एवढे जरी जवळच्या सरकारी रुग्णालयात मोठ्या केंद्राच्या सल्ल्याने होऊ लागले, तर कोणतेही नवे औषध न येता काही जीव वाचतील. त्यासाठी लागते ती प्रशिक्षित परिचारिका, चोवीस तास चालणारी प्रयोगशाळा आणि परळशी जोडलेला एक फोन. कार-टी स्वस्त होईल तेव्हा होवो, हे आज करता येण्यासारखे आहे. महापालिकेच्या आणि राज्याच्या आरोग्य अर्थसंकल्पावर बोलताना आपण नागरिकांनी हे मागायला हवे.

तो मुलगा आता उपचाराच्या दहाव्या महिन्यात आहे. घर विकावे लागले नाही. रक्ततपासणीसाठी तो अधूनमधून आमच्याकडे येतो, डोक्यावर पुन्हा केस आले आहेत. मध्यंतरी तिकडे एका अभ्यासात सहभागी होण्याबद्दल त्यांना विचारले गेले. आजींनी मुलाला सगळे कागद मोठ्याने वाचायला लावले. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. जिथे समजले नाही तिथे त्यांनी पेन्सिलीने खूण करून ठेवली आणि पुढच्या खेपेला त्या खुणा तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवल्या. सही त्यानंतर झाली.